डाव्या खांद्याखालचा चौकोन

हैदराबाद
११ फेब्रुवारी

पिंकी,

आणि मी सांचीकडे मुद्दाम पाठ करून बसलो होतो, हे तू अजूनही धरून बसली असशील तर बस बापा धरून. किती वेळा सांगू? पोट्टी मागून चापटा मारून राहिली, ‘बाबा, बाबा’ करून राहिली, हे मले समजलंच नाही. समोर टीव्ही सुरू होता, वरून विमानशाळेचं विमान चाललं होतं. बिरसीत राहून तुले माहीत नाही का, विमान आलं की आपला आवाज आपल्याले ऐकू येत नाही? तू म्हटली, ‘आवाज सोड. एवढ्या जोरानं मारते लेकरू, भिंत असती तर वळली असती.’ मग भिंतीसोबतच लग्न करायचं होतं.

जय भीम लिहायचं राहिलं. आता लिहितो. जय भीम. तुझ्या बाबाले पण.

फोन तू उचलत नाही. आणि इथं औषधाच्या सेंटरवर फोन गेटवरच जमा करून घेतात, म्हणून कागद. आठवी सोडल्यापासून एवढं लिहिलं नाही, हसू नको.

तुझी माय आशाताई आहे. तिच्या कामाले मी नाव ठेवत नाही. घरोघर जाऊन लोकांच्या आंगावरचे चट्टे पाहते, पुण्याचं काम आहे. पण जवाई माहेरी बसलेल्या बायको-पोरीले न्यायले केशोरीले आला, तर त्याले पाणी द्यायचं सोडून आंगणात बसवायचं, शर्ट काढायले लावायचं? शेजारच्या बाया सुपातलं धान सोडून पाहून राहिल्या होत्या. ‘जवाई, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.’ मी मिटले. बसलो. बराच वेळ झाला तरी काही नाही, म्हणून मी तुझ्या मायले म्हटलं, ‘मामी, टोचा ना आता, किती वेळ बसवता?’ पेन बंद केल्याचा आवाज तेवढा आला.

बाया हसल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या हसल्या नाहीत. सूप घेऊन आपापल्या घरी गेल्या.

‘उद्या दवाखान्यात जाऊ, गोळ्या फुकट आहेत, बरं होते.’ बरं होते! कातडी बरी होईल. पण एकदा महारोगी म्हणून गावात नाव झालं की ते नाव कोणती गोळी काढते?

मी तिले तेव्हाच सांगितलं, तुलेही सांगतो. हे इथल्या औषधानं झालं. दिवाळीच्या आधी मी गोवर्धनसोबत आलो होतो ना, तेव्हा पाठीवर मलम लावलं होतं त्यांनी. त्याचा असर उरला. दुसरं काही नाही.

आता त्याच मलमाची माणसांच्या आंगावर अजून एक परीक्षा आहे. मी नाव दिलं. इथली डॉक्टरीण भली बाई आहे, तिच्याजवळून मी कागदावर लिहून घेतो की आमच्या मलमानं कातडी सुन्न पडली. शिक्का मारून घेतो. तो कागद तुझ्या मायसमोर ठेवतो, आणि तुले न सांचीले घेऊन बिरसीले जातो. एवढंच काम आहे माझं इथं.

संघदीप


हैदराबाद
१५ फेब्रुवारी

पिंकी,

इथं कसं असते ते सांगतो, नाही तर तू मनात काहीच्या काही धरशील.

मोठा हॉल आहे, खाटा रांगेनं. खिडक्यांच्या काचांवर पांढरा कागद चिकटवलेला, म्हणून सकाळ काय न दुपार काय, उजेड एकच. सगळ्यांना एका रंगाचे सदरे, छातीवर नंबर. बाजूच्या खाटेवर गोवर्धन. सालेकस्याकडचा, तुले माहीत आहे, मले यानंच हा पैसे घेऊन औषध लावून घ्यायचा धंदा दाखवला. दर परीक्षेच्या कागदावर याचं वय तेच राहते. म्हणते, ‘संघदीप, खोदकाम नाही, ओझं नाही, फकत पाठ उधार द्याची गा. ते पण वापस भेटते.’

औषध असं आहे. मुळात ते उदास माणसाचं. ज्याले जेवण नको वाटते, जीव नको वाटते, त्याले याची गोळी देतात. मग कोणाच्या ध्यानात आलं की हेच कातडीवर लावलं तर तेवढी कातडी झोपी जाते. टाके घालायच्या आधी, सुई द्यायच्या आधी कामी येईल का, ते हे लोक पाहून राहिले. डॉक्टरीणनं सगळं हिंदीत वाचून दाखवलं, समजलं का म्हणून विचारलं, त्याचा व्हिडिओ काढला. ‘डर लगे तो कभी भी छोड़ सकते हो,’ म्हटली. फसवणूक नाही काही.

पाठ पाहिली तिनं. डाव्या खांद्याखाली जरा फिकट आहे, तिथं बोट ठेवलं. ठेवलं असंल, तिनं विचारलं म्हणून म्हणतो. ‘यह क्या है?’ मी म्हटलं, ‘शिबं है मॅडम, धान के बांधी में काम करने वाले सबको होता है.’ गोवर्धनच्या मानेवर पण घामानं उठलेली फिकट शिबं आहेत, ती दाखवली. ती हसली.

खाटेले तोंडाच्या जागी गोल भोक आहे. पालथं पडायचं, तोंड भोकात घालायचं. मग दिसते काय, तर फरशी आणि डॉक्टरीणचे पाय. पांढऱ्या चपला. पाठीवर पेनानं चौकोन आखतात. कोणत्या चौकोनात मलम कडक, कोणत्यात हलकं, कोणत्यात नुसतंच साधं, औषध नसलेलं. कुठं काय आहे ते मले माहीत नाही आणि डॉक्टरीणलेही नाही, तसा नियमच आहे. वरून पातळ पट्टी लावतात, ठेवतात, मग काढून सुईनं टोचतात. आत जात नाही सुई, टोचते तेवढी. टोचलं की ‘हाँ’.

मलम लावायच्या आधी एकदा तशाच पाठीवर टोचून पाहतात. गोवर्धननं आधीच कानात सांगितलं होतं, ‘डोळे मिटू नको. टोचतानी मॅडमची टाच उचलते. टाच उचलली का हाँ म्हण. कोनी नाव काढत नाही मंग.’ मी म्हटलं, मले कायले पाहिजे युक्ती, माझी पाठ काय मेली आहे?

पण डाव्या खांद्याखालचा चौकोन आला तेव्हा मी टाचेकडे पाहिलं. सहज पाहिलं. टाच उचलली. मी हाँ म्हटलं.

मलम लागल्यावर कसं वाटते सांगू? दुखत नाही, मुंग्या पण नाही. पाठीतून तेवढा तुकडा कोणीतरी कापून नेल्यासारखं वाटते. सदरा घातला तर बाकी आंगाले लागते आणि तेवढ्या जागी हवेत लटकते. गोवर्धन म्हणते, ‘याच्यातून आरपार दिसंल का रे कोनाले?’ आणि खरंच माझ्या पाठीमागे वाकून पाहून राहिला. येडा आहे.

संध्याकाळच्या चहापर्यंत एक एक चौकोन परत आला. आधी गरम, मग खाज, मग आपला. डावा नाही आला.

पाहा, किती कडक औषध आहे. तुझ्या मायले सांगजो.

संघदीप


हैदराबाद
१९ फेब्रुवारी

पिंकी,

डाव्या चौकोनात जाणवलं! पण तू खूश होऊ नको, आधी पूर्ण वाच.

परवा पालथा पडलो होतो. पट्टी काढली होती, टोचणं सुरू व्हायचं होतं. डॉक्टरीणच्या चपला दूर, औषधाच्या गाडीजवळ, बोटं दाराकडे. म्हणजे तिची पाठ माझ्याकडे. आणि डाव्या खांद्याखाली टोचलं. सुई नाही. सुई बारीक असते. हे जरा गोल, जरा थंड. एकदा टेकवलं, मग खाली, मग अजून खाली. हळू, कोणी सांभाळून टेकवावं तसं.

मी म्हटलं, ‘हाँ.’

तिकडून डॉक्टरीण, ‘क्या हुआ?’

‘टोचा ना, मॅडम.’

‘मैं तो यहाँ खड़ी हूँ, बाबा. अभी शुरू भी नहीं किया.’

गोवर्धन पालथ्यानंच बोलला, ‘मच्छर असंल गा.’ या हॉलमधी एवढा गारठा की आम्हीच कांबळी घेऊन बसतो. मच्छर कुठून येईल?

मी पडल्या पडल्या विचार केला. गोल, थंड, हळू. रिफिल. पिंकी, ती तुझ्या मायच्या पेनाची रिफिल होती. तेव्हा आंगणात मले लागली नाही. आता लागली.

म्हटलं, मन आहे. उदास माणसाचं औषध, थोडं डोक्यात गेलं असंल. डॉक्टरीणले विचारलं तर म्हणते, कातडीतून एवढं आत जात नाही.

काल दुपारी पुन्हा. बाकी सगळे जेवायले बसले होते. भाताचा वास येऊन राहिला होता. मले त्या दिवशी सगळ्यात शेवटी घेतलं होतं, म्हणून मी अजून भोकात तोंड घालून. चपला नव्हत्याच, डॉक्टरीण हात धुवायले गेली होती. आणि चापट बसली.

लहान. ओली. बिस्कीट खाल्लेला हात असते ना, तशी चिकट. डाव्या चौकोनात, बरोब्बर. एक बसली, थांबली. मग दुसरी, जरा जोरात. मग जोर वाढतच गेला. राग येऊन राहिला होता त्या हाताले. मग चापटा बंद झाल्या आणि नुसतीच बोटं, कातडी पकडायले पाहून राहिली, सदरा ओढतात तशी. नखं वाढली आहेत तिची, कापजो. मग एक एक बोट सुटलं.

मी वळलो. यावेळी मी वळलो, पिंकी. एकदम उठून बसलो, पट्ट्या निघाल्या, गोवर्धनच्या हातातलं ताट सांडलं. मागे त्याची खाट होती, त्यावर चादर घडी केलेली. दुसरं कोणी नव्हतं.

‘काय झालं बे?’ गोवर्धन म्हणते.

मी म्हटलं, ‘पोट्टीनं हाक मारली.’

तो हसला नाही. ताट उचललं आणि दुसऱ्या रांगेत जाऊन जेवला. त्यानं खाट पण बदलून मागितली आहे. विचारलं तर म्हणते, ‘तसं काही नाही, तिकडं पंखा चांगला आहे.’ इथं पंखेच नाहीत.

सांची बरी आहे ना? मले बाकी काही नको, तेवढं कळव. तिले ताप नाही ना, पडली नाही ना? गेटवरच्या ऑफिसचा नंबर खाली लिहिला. मले बोलवत नाहीत, पण निरोप लिहून देतात.

संघदीप


हैदराबाद
२४ फेब्रुवारी

पिंकी,

तुझा निरोप भेटला. ऑफिसमधल्या पोरीनं कागदाच्या तुकड्यावर लिहून आणला. ‘बच्ची ठीक है। मम्मी पूछ रही है, पहली बार दवाई कहाँ लगाई थी।’

बच्ची ठीक है, हे मी किती वेळा वाचलं असंल. तुकडा मऊ झाला.

पुढचं पण वाचलं. तुझ्या मायले पोलिसात घ्यायले पाहिजे होतं. पाठीवर लावली होती म्हणून मी पहिल्याच पत्रात लिहिलं ना? मग परत कायले विचारते? तिले माझ्या तोंडूनच काढायचं आहे. तिचा स्वभावच तसा, हळू हळू, रागावत पण नाही. रागावली असती तर मी भांडलो असतो न मोकळा झालो असतो.

असो. उत्तर खाली देतो. आधी परवाचं ऐक.

पालथा होतो. चपला यावेळी जवळ, नियमानं सगळं सुरू. उजवीकडचे चौकोन झाले. टाच उचलते, मी हाँ म्हणतो, कधी खरंच टोचते, कधी टाच पाहून. आणि डावीकडे थंड लागलं. ओलं. मले वाटलं, स्पिरिटचा बोळा. पण बोळा मऊ असते. हे जाडंभरडं, कण असलेलं, आणि ते कोणीतरी हातानं चोळून राहिलं. एक हात नाही, बायांचे पुष्कळ हात, घाईघाईनं, एकमेकीले ढकलत. कोणाच्या तरी काचेच्या बांगड्या कातडीवरून घासून गेल्या, त्यात एक फुटकी होती, तिनं ओरखडा काढला.

पिंकी, ती हळद होती.

आपल्या लग्नाची. मे महिन्यातली, आपल्या बिरसीच्या मांडवातली. धुरपता आत्यानं फुटक्या बांगडीनं मले ओरबाडलं होतं, नंतर सगळे म्हणून राहिले होते की नवरदेवाच्या पाठीतून रक्त निघून राहिलं न याले पत्ताच नाही. तू पण हसली होती, तुझ्या मावशीनं तुले सांगितलं तेव्हा. मी म्हटलं होतं, ‘मर्दाले एवढं काय लागते.’ किती मिरवलो होतो मी त्या गोष्टीवर.

तेव्हाच नव्हतं लागत.

मग मी भोकात तोंड घालून तसाच पडून राहिलो आणि माझ्या डोक्यात एक एक येत गेलं. हळद, मग तू घरात आली. मग सांची झाली. उन्हाळ्यात ती माझ्या पाठीवरच झोपायची, आठवते? मी पालथा पडायचो न ती वर, गाल टेकवून, लाळ गाळत. तू म्हणायची, ‘बाजेपेक्षा बापाची पाठ बरी.’ तिचा गाल नेमका कुठं असायचा, ते मले माहीत नाही. मी सगळं आठवून पाहिलं. तिचं पोट आठवते, गुडघे आठवतात, गाल आठवत नाही.

टाच उचलली. मी हाँ म्हटलं. पुन्हा उचलली. हाँ. पुन्हा. हाँ.

मग डॉक्टरीण खाली बसली. तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं मी तिथून, त्या दिवशी भोकाच्या खाली आलं, उलटं. म्हणते, ‘संघदीप, मैंने सुई उठाई ही नहीं थी. सिर्फ एड़ी उठाई.’ नंबरानं नाही, नावानं हाक मारली. ‘मेरा पैर देख के बोलते हो ना?’

मी नजर तिच्या चपलांकडे नेली.

‘यहाँ दवाई से पहले भी सुन्न था ना?’

तिनं मले उठवून बसवलं. कापसाची वात फिरवली, डोळे मिटायले लावले. मग कोपराच्या मागची नस बोटाखाली धरून दाबली, तर असं दुखलं की डोळ्यात पाणी आलं. ‘यह नस मोटी है,’ म्हटली. सांगितलं की तुमचं नाव या परीक्षेतून काढावं लागते. मी म्हटलं, ‘मॅडम, कागद लिहून देता का, की मलमानं झालं? शिक्का मारून?’ तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणते, ‘झूठा कागज़ ले के जाओगे तो घर वालों की जाँच कौन करेगा?’

मग तिनं कागद दिला, पण वेगळा. सरकारी दवाखान्याच्या नावाचा.

आता तुझ्या मायचं उत्तर. पहिल्या वेळी मलम हातावर लावलं होतं. डाव्या हातावर, मनगटाच्या वर. पाठीले त्यांनी हातच लावला नव्हता. मी तुमच्या आंगणात खोटं बोललो, आणि इथून पहिल्या पत्रात पुन्हा बोललो.

संघदीप


हैदराबाद
३ मार्च

पिंकी,

सेंटर सोडलं. गोवर्धननं मले रेल्वे टेशनजवळच्या एका खोलीत जागा पाहून दिली, सहा जण राहतो. निघताना तो गेटपर्यंत आला, पण हात मिळवला नाही, दुरूनच म्हणते, ‘जय भीम भाऊ, सांभाळ.’ मले राग आला नाही. मी पण तेच केलं असतं.

सरकारी दवाखान्यात दाखवलं. तोच आजार आहे. पहिली गोळी तिथंच, त्यांच्यासमोर घ्यायले लावली. डॉक्टर म्हणे, लघवी लाल होईल, भिऊ नको. तरी सकाळी पाहून मी खोलीतल्या सगळ्यांना उठवलं. मग त्यांना कारण सांगावं लागलं. दोघं खोली सोडून गेले, बाकीचे थांबले. त्यातला एक ओरिसाचा आहे, तो म्हणाला, त्याच्या मामाले होतं, गोळ्या खाऊन बरा झाला, आता ट्रक चालवते.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या की माझ्यापासून कोणाले लागत नाही. पण आधी जे सोबत राहिले, जवळ झोपले, त्यांना पाहून घेणं जरूर आहे. चट्टा असंल तर आताच गोळ्या द्यायच्या. नसंल तर घरच्यांना एकच गोळी देतात, पुढं होऊ नये म्हणून. सांचीले दोन पूर्ण झाली ना, तिलेही देतील, वजन पाहून.

आता एक गोष्ट लिहितो. ही तू कोणाले सांगू नको, किंवा सांग, आता मले काय त्याचं.

माझे बाबा मी चौथीत असताना गेले. उजव्या हाताची बोटं राइस मिलच्या पट्ट्यात गेली, हे गावात सगळ्यांना माहीत. तुलेही आम्ही तेच सांगितलं. मी पण तेच समजत होतो.

परवा दुपारी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, नंबर यायचा होता. पुष्कळ गर्दी, बाया, लेकरं, तेलुगूत बोलणं, मले एक शब्द समजत नव्हता. भिंतीले टेकलो नव्हतो. आणि डाव्या खांद्याखाली हात आला. मोठ्या माणसाचा. चापट नाही, थोपटणं. तळवा पूर्ण होता, अंगठा पूर्ण होता. आणि जिथं बोटं टेकायले पाहिजेत, तिथं गोल गोल खुंट. थोपटलं, जरा ढकललं, जा म्हणून सांगतात तसं. शाळेच्या दाराशी बाबा तसंच करायचे.

मी मागे वळून पाहिलं नाही. यावेळी मले माहीत होतं कोणी नसणार.

पण बसल्या बसल्या मी मिलचा विचार केला. पिंकी, बाबा कोणत्या मिलमधी होते? ते तर जन्मभर लोकांच्या शेतात राबले. मी लहान असताना ते मले बोट धरून आठवडी बाजारात नेत. नंतर मनगट धरून नेऊ लागले. मिलनं नेली असती तर सगळी बोटं एका दिवशी गेली असती. बाबाची एक एक गेली. मायनं पाहिलं, मी पाहिलं, गावानं पाहिलं. आणि सगळ्यांनी मिळून एक मिल उभी केली, आणि त्यातच बाबाले मारलं. एकही गोळी त्यांच्या पोटात गेली नाही. गोळ्या तेव्हाही फुकट होत्या, डॉक्टर म्हणते.

हाताचं मी डॉक्टरले सांगितलं. म्हणते, नस मरता मरता असे खेळ करते. असंल. मी वाद घातला नाही. पण खेळ करायचा तर नसेले कोणाचा हात ते कसं माहीत असते, हे मी विचारलं नाही.

आता तू काय करजो ते सांगतो. पत्र भेटलं त्या दिवशीच. संध्याकाळी नाही, ऊन असताना. सांचीचे सगळे कपडे काढून तिले आंगणात उभी करजो. पाठ, मांड्या, ढुंगण, कानामागे, सगळं पाहजो. जिथं फिकट दिसंल तिथं तुझ्या मायच्याच हातून रिफिल टेकवजो. पोट्टी रडली तर रडू दे. हात धरून ठेव आणि रडू दे, जितकी जोरानं रडंल तितकं चांगलं. चट्टा असंल न ती रडली नाही, तर तू पण रडत बसू नको, तशीच उचलून दवाखान्यात ने. तू स्वतःले पण दाखवजो. केशोरीत लोकांच्या नजरेचा संकोच वाटला तर अर्जुनीले जा, तिथल्या दवाखान्यात कोणी ओळखत नाही. बसची वाट पाहू नको, गाडी करून जा.

शेजारच्या बाया पाहून राहिल्या तर पाहू दे. त्यांच्या लेकरांची पण पाठ पाहून घे म्हणावं तुझ्या मायले.

मामीले माझा जय भीम सांग. त्या दिवशी आंगणात मी त्यांच्यासमोर जे खोटं बोललो, ते मी येऊन त्यांच्या तोंडावर परत घेतो. कधी येऊ ते तू सांग. बोलावलं नाही तर येणार नाही. गोळ्या इथंही भेटतात.

सेंटरनं जेवढे दिवस राहिलो तेवढ्याचे पैसे दिले, त्यातून खोलीचं भाडं ठेवलं. बाकीची मनीऑर्डर आज तुझ्या नावानं केली, पोस्टमन दुसऱ्याच्या हातात देऊ पाहील तर घेऊ देऊ नको, सही तूच कर. हे पैसे गाडीचे, सांचीच्या दुधाचे आणि दवाखान्यात दिवसभर थांबावं लागलं तर खाण्याचे. आकडा लिहून ठेवतो, म्हणजे कमी भेटले तर भांडता येईल. चार हजार सहाशे रुपये.

संघदीप